अर्ध्या पन्ह्याची बाबागाडी

दुसऱ्या बाळंतपणानंतर मी बेळगुंदीहून वडगावला परत आले, तेव्हा माझ्या हातात तीन महिन्यांचा मुलगा होता आणि माझी अडीच वर्षांची मुलगी दुसऱ्या बाईच्या कडेवर होती. ती बाई म्हणजे माझी मोठी जाऊ. घरात तिला सगळे आक्का म्हणतात, मीही म्हणते. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. मी उतरून एक हात मुलीपुढं केला, तर तिनं आक्काच्या खांद्यात तोंड खुपसलं. आक्का म्हणाली, "लाजतीया गं." मी हसले, पण आत चरचरलं. पुढं कितीतरी महिने ते चरचरतच राहिलं. आता लिहायलाच बसले आहे तर गोड शब्द कशाला शोधू? हेवा होता तो, चांगला सणसणीत हेवा.

खरं तर चूक कुणाचीच नव्हती. सासूबाई माझं लग्न व्हायच्या आधीच गेलेल्या. घरात दोन यंत्रमाग. एक माझे मोठे दीर चालवतात, एक आक्का. माझा नवरा सूत आणतो, विणून झालेल्या साड्या दुकानांना पोचवतो आणि मधल्या वेळात बंद पडलेल्या मागाशी झटापट करतो. अशा घरात पोटावर टाके असलेल्या बाळंतिणीचं करणार कोण? म्हणून मी माहेरी बेळगुंदीला गेले. मुलीला घेऊनच गेले होते. पण चौथ्या दिवशी तिनं रडून रडून अंगात ताप भरवून घेतला. माझ्या आईनं हात टेकले आणि नवऱ्याला बोलावून घेतलं. तो आला आणि पोरीला घेऊन गेला.

त्यानंतर तो दर रविवारी तिला भेटवायला आणायचा. पहिल्या रविवारी ती धावत आली. दुसऱ्या रविवारी चालत आली. पुढंपुढं ती दारातच उभी राहायची, बाळाकडं पाहुण्यासारखी बघायची आणि जरा वेळानं बापाला विचारायची, घरी कधी जायचं. माझ्या माहेरी सगळ्यांना तिच्या त्या विचारण्याचं कौतुक वाटायचं. मी भिंतीकडं तोंड करून मुलाला पाजत बसायची.

वडगावला आल्यावर मला कळलं की तीन महिन्यांत माझी जागा भरून गेली आहे. भात आक्काच्या हातचा. वेणी आक्काच्या हातची. आक्काला पोरगी 'मोठी आई' म्हणायला लागली होती, आणि मला नुसतं 'आई' म्हणाली की मला उगाच वाटायचं की आपण लहानी आई झालो. झोपेचं तर विचारू नका. आमचं घर असं आहे, पुढच्या खोलीत दोन माग, त्यांच्या मधून एक बोळ, त्या बोळातून आत गेलं की स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्या. मागाच्या घरातली पोरं खडखडाटात झोपतात आणि माग थांबला की दचकून उठतात. तीन महिने माझी मुलगी दुपारी आक्काच्या मागाशेजारी सुताच्या पोत्यावर झोपत होती. मी तिला आतल्या शांत खोलीत घेऊन थोपटायची, गाणी म्हणायची, आणि ती टक्क डोळे उघडे ठेवून मला म्हणायची, "इथं आवाज न्हाय." एका लोखंडी मागाचा हेवा करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी होते तशी.

आक्काला स्वतःचा मुलगा आहे, हुबळीला कॉलेजात शिकतो. म्हणजे तिचं एक लेकरू वाढवून झालेलं होतं. तिला घाई नव्हती, तिचा हात बसलेला होता. पोरगी ताटावरून उठली तरी ती ओरडायची नाही, चार घास हातात धरून बसून राहायची, आणि पोरगी आपोआप परत यायची. मला तसं जमत नव्हतं. एक अंगावर पिणारं, एक हट्ट करणारं, वर झोप अपुरी. मी ओरडायची आणि पोरगी सरळ बोळातून आक्काकडं पळायची. आक्का मग माझ्याकडं बघायची. त्या बघण्यात काही नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला त्यात बरंच काही दिसायचं.

सगळ्यात जास्त खुपायची ती आक्काची स्कूटर. बाजार असो, दवाखाना असो, बालवाडी असो, मुलगी पायाशी उभी राहून हँडल धरणार आणि मोठी आई मागून गाडी चालवणार. गल्लीतून जाताना पोरगी हॉर्न वाजवायची, तो मला आत ऐकू यायचा. मला स्कूटर येत नाही. नवऱ्यानं दोनदा शिकवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी मी येळ्ळूर रोडवर गटारीत गेले आणि तो विषय कायमचा मिटला. चारचाकीचं नाव आमच्या घरात निघत नाही. आमच्या गल्लीत मोटार शिरली तर ती उलटी बाहेर काढायला चार शहाणी माणसं लागतात. रिक्षा रोज परवडत नाही. राहिले पाय. पण कडेवर बाळ आणि बोटाला पोरगी घेऊन मी निघाले की पोरगी निम्म्या वाटेत बसकण मारायची आणि मला पण उचल म्हणायची. मग मी तिला उचलणार कुठल्या हातानं?

त्यामुळं घराबाहेर पडायचं म्हटलं की पोरांची वाटणी व्हायची. धाकटा माझा, मोठी आक्काची. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण रोज तसं होत होतं, आणि रोज होणारी गोष्ट शेवटी पक्की होऊन बसते ह्याची मला भीती वाटायला लागली. दोन्ही पोरं एका वेळी माझ्या हाताशी, घराबाहेर, दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय, एवढंच मला हवं होतं. तेवढं झालं तर पोरगी माझ्याकडं परत येईल असं माझ्या डोक्यात बसलं.

मग एका दुपारी मोबाईलवर मी ती गाडी बघितली. कुठल्यातरी मोठ्या शहरातली बाई, मोटार नसलेली, दोन पोरांना एकाच बाबागाडीत बसवून भाजी आणायला निघाली होती. भाजीची पिशवी गाडीच्या खाली, पोरं वर, आणि बाई अशी ताठ चाललेली की जसं काय रस्ता तिच्या बापाचा. मला त्या बाईचाही हेवा वाटला. हेव्याचा हात एकदा सैल सुटला की तो कुणालाच सोडत नाही.

नवऱ्याला दाखवलं. त्यानं पहिलं काय विचारलं असेल? "पन्हा किती?" आमच्या घरात सगळं पन्ह्यात मोजतात. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. आमच्या साडीचा पन्हा अठ्ठेचाळीस इंच, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. पलंग दीड पन्हा, ओटा अर्धा पन्हा, नवीन कपाट घ्यायचं झालं तरी भिंतीला साडी लावून बघतात. माझ्या माहेरी शेतकऱ्याचं घर, तिथं पावलांनी मोजायचे. सुरुवातीला मला ह्याचं हसू यायचं, नंतर मीही पन्ह्यातच बोलायला लागले.

चौकशी केल्यावर कळलं की दोन पोरांच्या गाड्या दोन तऱ्हेच्या असतात. एकीत सीटं पुढंमागं, आगगाडीच्या डब्यांसारखी. ती अरुंद, पण लांबलचक, आणि वळवताना जोर लागतो. दुसरीत सीटं शेजारी-शेजारी. ती आखूड, वळायला हलकी, पण रुंद. बेळगावात गणपत गल्लीतल्या एका दुकानात पुढंमागंवाली एक होती. ती बघायला आम्ही एका संध्याकाळी गेलो. मी आणि नवरा बाळाला घेऊन रिक्षानं. मुलगी अर्थातच स्कूटरवरून.

आम्ही पोचलो तोवर आक्का आधीच पोचली होती. पोरगी त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसली होती, आणि आक्का गाडी दुकानभर फिरवत होती. माझ्यासाठी घ्यायची गाडी, आणि तिला पहिला हात आक्कानं लावला. मी पायरीवरच थांबले. दुकानदार खुशीत होता. त्यानं माझ्याकडच्या बाळाकडं बघितलं, गाडीतल्या पोरीकडं बघितलं आणि आक्काला विचारलं, "मोठी तुमची आणि बारकं ह्यांचं, व्हय?"

आक्का लगेच बोलली नाही. फार वेळ नाही, श्वास घेण्याएवढाच. मग ती म्हणाली, "दोन्ही आमचीच की." दुकानदार हसला, नवरा हसला. मी तो श्वासाएवढा वेळ मोजून ठेवला. रिक्षात बसून घरी येईपर्यंत मी तोच घोळवत होते. लगेच का नाही बोलली? आणि आमचीच म्हणजे कुणाची?

घरी आक्कानं स्पष्ट सांगितलं की ही पुढंमागंवालीच घ्यावी. तिचं म्हणणं अगदी सरळ होतं. "बोळातनं काढायला सोपी पडंल गं. शेजारशेजारची लई रुंद असती." मी म्हणाले, मागच्या सीटवर बसणाऱ्याला पुढच्याची पाठच दिसणार, माझ्या पोरीला मी तसं बसवणार नाही. कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण हे की ती गाडी आक्काला आवडली होती, आक्कानं ती ढकलून बघितली होती, आणि आता ती सोन्याची असती तरी मला नको होती.

शेजारी-शेजारीवाली नवऱ्यानंच शोधली. निपाणीत आमच्या साड्या घेणारे एक दुकानदार आहेत. त्यांना जुळ्या नाती. नाती आता शाळेत जायला लागल्या आणि त्यांची गाडी माळ्यावर पडून होती. त्यांच्या बायकोनं निरोप दिला की गाडी घेऊन जा, पैसे नकोत, तुमच्या मागावरची एक साडी विणून द्या, गुलबक्षी रंगाची, हिरव्या काठाची. रुंदी विचारली, तर त्यांनी दुकानातल्या टेपनं मोजून फोनवर सांगितली. चाकांसकट पंचवीस इंच.

आता बोळ मोजायचा राहिला. टेप आक्काच्या मागाच्या खणात असते. मागितली असती तर कशाला हवी ते सांगावं लागलं असतं, आणि मग पुन्हा तेच, बोळ अरुंद आहे, मी सांगत होते. म्हणून एका दुपारी लाईट गेली, दोन्ही माग थांबले आणि आक्का रेशन आणायला बाहेर पडली, तेव्हा मी विकायला ठेवलेल्या गठ्ठ्यातली एक साडी काढली. पन्हा मधोमध दुमडला. अठ्ठेचाळीसचं निम्मं चोवीस. बोळात जिथं दोन्ही मागांची लोखंडी अंगं सगळ्यात जवळ येतात तिथं साडी आडवी धरली. दोन्ही बाजूंना बोटबोट जागा उरली. म्हणजे साडेपंचवीस. गाडी पंचवीस. मी साडी घडीवर घडी घालून जागच्या जागी ठेवली आणि नवऱ्याला म्हणाले, आपण निपाणीला जायचं.

निपाणीला आम्ही लाल बसनं गेलो. आम्हा बायकांना सरकारी बसला तिकीट नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं. बाळ माझ्या मांडीवर होतं. मुलीला अर्थात आक्काकडं ठेवलं होतं, दोघांना घेऊन बसमध्ये मी काय करणार? पोरगी परत मिळवायला निघालेली बाई पोरीला त्याच बाईकडं सोपवून निघाली होती. हे मला संकेश्वर येईपर्यंत सुचलंही नाही. सुचल्यावर मी खिडकीबाहेर उसाकडं बघत बसले आणि नवऱ्यानं चहा विचारला तर नको म्हणाले.

गाडी चांगली होती. निळ्या कापडाची, दोन्ही सीटं सारखी, एकाची पाठ बाळासाठी पार आडवी होणारी. त्या बाईंनी ती अंगणात उघडून दाखवली, ब्रेक दाखवला, घडी कशी घालायची ते दाखवलं. मी रिकामी गाडी अंगणात दोन चकरा ढकलली. कुणी आधी हात लावलेला नव्हता, म्हणजे माझ्या ओळखीच्या कुणी नव्हता, आणि मला बऱ्याच दिवसांनी अंगात बळ आल्यासारखं वाटलं. येताना बसमध्ये ती घडी ड्रायव्हरच्या मागं उभी केली. संकेश्वर स्टँडवर चढलेल्या एका म्हाताऱ्या आज्जींनी विचारलं, ही काय खाट आहे का. नवरा म्हणाला, व्हय, चाकांची खाट. मला त्या दिवशी सगळ्याचंच हसू येत होतं.

गुलबक्षी साडी आक्कानं विणली. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिच्या मागावर आधीचं काम संपलं तसं तिनं गुलबक्षी सूत चढवलं. हिरव्याची छटा जरा गडद घे म्हणून नवऱ्याला तिनंच सांगितलं, लग्नाकार्याला उठून दिसते म्हणाली. मी ते ऐकलं आणि मनात म्हणाले, आता ह्याचेही उपकार.

गाडी आतल्या खोलीत उघडून मी साबणाच्या पाण्यानं पुसली. नवऱ्यानं चाकांना मागाचं तेल घातलं. दोन दिवस पोरं आतच तिच्यात बसून खेळली. आक्का एकदा दारातून डोकावली, गाडीकडं बघितलं, बोळाकडं बघितलं आणि म्हणाली की बाहेर काढायच्या आधी एकदा रिकामी नेऊन बघ. मी म्हणाले, मोजलंय मी. ती निघून गेली.

तिसऱ्या दिवशी चार वाजता मी दोघांना न्हाऊ-माखू घालून तयार केलं. पोरीला फ्रॉक, बाळाला टोपडं. पोरीच्या केसांत मी स्वतः रिबीन बांधली, वाकडी बसली तरी बांधली. नवरा साड्या पोचवायला शहापूरला गेलेला, मोठे दीर चहाला उठलेले. पुढच्या खोलीत फक्त आक्काचा माग चालू होता. मला हेच हवं होतं. तिनं मागावरून मान वर करावी आणि मला दोन्ही पोरांना घेऊन तिच्या समोरून जाताना बघावं.

बोळात पाच पावलं गेले असेन. गाडी घासली. मला वाटलं चाक वळलंय, म्हणून जोर केला. तशी ती दोन्ही मागांच्या मध्ये पाचर मारल्यासारखी बसली. पुढंही जाईना आणि मागंही येईना. बाळ रडायला लागलं. आक्कानं माग बंद केला. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत पोरगीही घाबरली. तिनं दोन्ही हात आक्काकडं पसरले. मी मागं हँडल धरून उभी होते, तिच्या मागं दीड हातावर, आणि तिनं हात पुढं पसरले.

आक्का वाकली, चाकाशी बोट घालून बघितलं, मग मला विचारलं की कशानं मोजलं होतंस. मी साडीचं सांगितलं.

"अगं, अठ्ठेचाळीस मागावर असतंय," ती म्हणाली. "तानलेलं असतंय तवा. साडी उतरली की आक्रसती. घडीची साडी शेचाळीससुद्धा भरत न्हाय कधी कधी. मला इचारायचं न्हाय का?"

एवढंच. त्यात ना टोमणा होता ना हसू. पण आठ वर्षं ह्या घरात राहून, रोज पन्हा पन्हा करून, मला ही साधी गोष्ट माहीत नव्हती आणि तिला ती बोटांच्या टोकांवर होती. बोळ तिचा, माग तिचा, साडी तिनं विणलेली, आणि समोर हात पसरून बसलेली पोरगीही तिचीच. माझा तोल गेला.

मी म्हणाले, "तुम्हाला हेच पायजे होतं. माझी पोर माझ्याकडं याला नको म्हणूनच पहिल्यापासनं आडवं लावत होता. एक वाढवून झाला न्हवं तुमचा? मग माझी कशाला घेता?"

चहाला उठलेले दीर दारात आले होते, ते तसेच मागं फिरले. आक्काचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, भांडेल, आणि खरं सांगते, मला भांडण हवं होतं. पोरगी अजून हात पसरून होती. आक्कानं तिला घेतलं नाही. तिनं पोरीचे दोन्ही हात हळूच खाली केले आणि म्हणाली, "आईकडं जा."

मग मी पोरीला एका बाजूनं आणि बाळाला दुसऱ्या बाजूनं घेतलं, कशी घेतली कोण जाणे. आक्कानं गाडी दोन धक्क्यांत मागं ढकलून सोडवली, घडी घातली, उचलली आणि बोळातून बाहेर नेऊन गल्लीत कट्ट्याशेजारी पुन्हा उघडून ठेवली. ब्रेकही लावला. आत आली आणि माग सुरू केला. माझ्याकडं बघितलं नाही.

मी दोघांना बसवलं आणि निघाले. गल्लीतल्या बायका दारांत आल्या. गाडी काय झकास आहे, पोरं काय शोभतात म्हणाल्या. ह्याच दिवसाची मी वाट बघत होते. पण पोरगी सारखी वळून आमच्या दाराकडं बघत होती आणि मोठी आई, मोठी आई असं मुसमुसत होती. कोपऱ्यावर पोचेपर्यंत मी सहन केलं. मग खाली बसले, तिच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि म्हणाले की बाहेर आल्यावर तिला सारखी हाक मारायची नाही, मी आहे ना. आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं, पोरीला माझ्या ओरडण्याची सवय होती. ती गप्प झाली.

त्यानंतर गाडी कट्ट्यावरच असायची, प्लॅस्टिकचा कागद घालून. आणि मला जे जे हवं होतं ते सगळं मिळायला लागलं. सकाळी पोरगी फणी घेऊन माझ्याकडं यायची, कारण आक्का मागावर लवकर बसायची. भात मी भरवायची. दुपारी ती सुताच्या पोत्याकडं गेली की आक्का म्हणायची, आत जा, आईजवळ झोप. पोरगी यायची आणि माझ्याशेजारी डोळे उघडे ठेवून पडायची. आक्का माझ्याशी नीट बोलत होती. मीठ दे, दूध उतू जातंय, गॅसवाला आला. तेवढंच. नवऱ्यानं एकदा विचारलं, तुम्हा दोघींचं काय झालंय? मी म्हणाले, काही नाही. माफी मागायचं रोज मनात यायचं. पण मागितली की पोरगी परत तिकडं जाईल, ही भीती माफीच्या आधी यायची.

गाडीचं मात्र छान चाललं होतं. खासबागच्या बाजाराला, दवाखान्याला, बागेत, सगळीकडं आम्ही तिघं जायचो. पिशव्या खाली, पोरं वर. रस्त्यात खड्डा आला की दोघं एकदम उडायची आणि एकदम हसायची. मी ताठ चालायला शिकले होते. बायका वळून बघायच्या, आणि आता त्यांनी माझा हेवा करावा असं मला वाटायचं.

दोन-एक आठवडे गेले असतील. येळ्ळूर रोडनं आम्ही बागेकडं निघालो होतो, ऊन कलतं झालं होतं. समोरून आक्का स्कूटरवरून आली. पायाशी, जिथं पोरगी उभी राहायची तिथं, सुताच्या रिळांची पिशवी ठेवलेली होती. तिनं आम्हाला बघितलं. स्कूटरचा वेग कमी केला, जरा हसली, पण थांबली नाही. थांबणार तरी कशी, मीच तिला तसं बोलून ठेवलं होतं.

पोरगी सीटवर एकदम ताठ झाली. तिचा हात वर गेला आणि तोंड उघडलं. आणि मग तसाच हात वर ठेवून ती मान उलटी करून मागं वळली आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. माझ्या तोंडावर तिला काय दिसलं मला माहीत नाही. तिनं हात खाली घेतला आणि मांडीखाली दाबून धरला. आक्का आमच्या बाजूनं निघून गेली.

मी चालत राहिले, कारण काय करावं ते मला सुचत नव्हतं. आक्का वळणावरून दिसेनाशी झाल्यावर पोरगी पुन्हा मागं वळली. तिचं तोंड आनंदानं फुललं होतं.

"आई, मी हाक न्हाय मारली," ती म्हणाली. "बघितलंस न्हवं?"

तिला शाबासकी हवी होती.